वृत्तनिवेदकाची वाट

(ज्ञातिसंघाच्या जिते येथील वार्षिक मेळाव्यात दिलेले व्याख्यान)



वार्षिक मेळाव्यात एखाद्या व्यवसायाविषयी चार शब्द बोलले जावेत, म्हणजे घरोघरच्या तरुण मुलांना दिशा मिळते आणि पालकांनाही विचार करावयास अवसर मिळतो, या हेतूने कार्यकारी मंडळाने हे व्याख्यान योजिले आहे. माझ्या वाट्याला दूरचित्रवाणीवरील वृत्तनिवेदकाचा विषय आला आहे. विषय हलका नाही. ज्या खुर्चीवर बसून एक माणूस रोज संध्याकाळी लक्षावधी घरांत शिरतो, त्या खुर्चीविषयी तरुण मनात ओढ असणे स्वाभाविक आहे. मुलगी आरशासमोर उभी राहून बातम्या वाचण्याचा सराव करते, मुलगा भ्रमणध्वनीवर आपले चित्रण करून मित्रांना दाखवितो, आणि आईवडिलांना कळत नाही की या नादाला उत्तेजन द्यावे की त्याला वेळीच आवर घालावा. या प्रश्नाचे उत्तर द्यावयाचे तर ती खुर्ची कशी निर्माण झाली, तिच्यावर कोण कोण बसले आणि तेथे पोहोचण्यापूर्वी त्यांनी काय काय केले, हे पाहणे अगत्याचे आहे.

प्रथम शब्दाचा विचार करू. आपण ज्याला वृत्तनिवेदक म्हणतो त्याला आज सर्रास ‘अँकर’ म्हणतात. या शब्दाचा मूळ अर्थ गलबताचा नांगर. अमेरिकेत १९५२ साली राजकीय पक्षांच्या अधिवेशनांचे दूरचित्रवाणीवरून प्रक्षेपण झाले, तेव्हा ठिकठिकाणच्या वार्ताहरांना एका सूत्रात धरून ठेवणाऱ्या वॉल्टर क्रॉन्काइट यांच्या कामासाठी हा शब्द रूढ होत गेला. एकीकडे भाताची खाचरे आणि दुसरीकडे खाडी, अशा मुलखातील आपणा लोकांना या शब्दाचे मर्म चटकन उमगावे. आपल्या भाषेत नांगर हा एकच शब्द दोन कामांना चालतो. शेतातला नांगर जमीन खोल उकरतो. होडीचा नांगर तिला वाऱ्यात आणि भरतीत जागेवर धरून ठेवतो. चांगल्या वृत्तनिवेदकाला हे दोन्ही नांगर लागतात. आधी बातमी उकरण्याचे कष्ट, आणि मग गोंधळाच्या क्षणी स्थिर राहण्याचे बळ. माझे आजचे सारे प्रतिपादन एवढ्यातच सामावले आहे. पुढे जे सांगणार आहे तो याचाच विस्तार होय.

आपल्या देशात दूरचित्रवाणीचा आरंभ दिल्लीत १५ सप्टेंबर १९५९ रोजी झाला. प्रारंभी तो केवळ प्रयोग होता. दैनंदिन प्रक्षेपण १९६५ साली सुरू झाले. महाराष्ट्राच्या वाट्याला हे यंत्र आले ते २ ऑक्टोबर १९७२ रोजी, मुंबई केंद्राच्या रूपाने. त्या वेळी ही सेवा आकाशवाणीचाच एक भाग होती. १ एप्रिल १९७६ रोजी ‘दूरदर्शन’ ही स्वतंत्र यंत्रणा झाली. हा तपशील मी सांगतो याला कारण आहे. मराठी वृत्तनिवेदनाचे संस्कार आकाशवाणीचे आहेत. दिसण्याआधी ऐकू येणे, ही त्या संस्काराची पहिली अट. आकाशवाणीच्या पुणे केंद्रावरून प्रादेशिक बातम्या देणाऱ्या सुधा नरवणे यांचा चेहरा किती श्रोत्यांनी पाहिला असेल? परंतु त्यांचा आवाज ओळखीचा होता. त्यांचे चिरंजीव जनरल मनोज नरवणे पुढे देशाचे लष्करप्रमुख झाले. आकाशवाणीच्या भाषेत या पदाला ‘वृत्तनिवेदक-नि-अनुवादक’ असे नाव होते. नावातच व्यवसायाची व्याख्या आहे. जो वाचतो त्यानेच मजकूर मराठीत आणावयाचा. जे वाचावयाचे ते समजलेलेच असले पाहिजे, अशी ती योजना.

आता मुंबई दूरदर्शनवर प्रथम प्रथम कोण बसले ते पाहू. डॉ. विश्वास मेहेंदळे हे पहिल्या वृत्तनिवेदकांपैकी एक. ते लेखक होते, रंगभूमीवरही वावरले आणि पुढे पत्रकारितेच्या अध्यापनात गेले. २०२३ साली ते निवर्तले. अनंत भावे हे मराठीचे प्राध्यापक आणि बालसाहित्यकार. भक्ती बर्वे या रंगभूमीवरील अभिनेत्री. स्मिता तळवलकर यांनी सतरा वर्षे बातम्या वाचल्या आणि पुढे त्या चित्रपटनिर्मात्या झाल्या. १९८९ सालचा ‘कळत नकळत’ हा त्यांचाच चित्रपट. प्रदीप भिडे यांचा भारदस्त आवाज अनेक दशके मराठी घरांत ऐकू येत राहिला. ७ जून २०२२ रोजी त्यांचे निधन झाले तेव्हा ज्यांनी त्यांना कधी प्रत्यक्ष पाहिले नव्हते अशी माणसेही हळहळली.

आणि स्मिता पाटील. त्यांची कथा पुष्कळांना ठाऊक आहे. पुण्यात शिकलेली, शिरपूरकडील राजकीय-सामाजिक कार्यकर्त्याच्या घरातली ही मुलगी. त्यांच्या मैत्रिणीचे पती छायाचित्रकार होते. त्यांनी काढलेली स्मिताबाईंची छायाचित्रे मुंबई केंद्राचे तत्कालीन संचालक पी. व्ही. कृष्णमूर्ती यांच्या दृष्टीस पडली आणि त्यातून त्यांना बातम्या वाचण्यासाठी बोलावणे आले. बातम्यांच्या पडद्यावरूनच दिग्दर्शक श्याम बेनेगल यांनी त्यांना हेरले. १९७५ मध्ये ‘निशांत’, १९७६ मध्ये ‘मंथन’, १९७७ मध्ये ‘भूमिका’ आणि त्यासाठी राष्ट्रीय पुरस्कार, असा तो प्रवास झाला. १३ डिसेंबर १९८६ रोजी अवघ्या एकतिसाव्या वर्षी त्या गेल्या.

ही कथा ऐकून तरुण मन म्हणते, पहा, एका छायाचित्राने दैव उघडले. मला येथे थोडे थांबून सांगावेसे वाटते की, छायाचित्राने दार उघडले हे खरे, परंतु दारातून आत गेल्यावर जे वाचावे लागले ते मराठी होते, आणि ते नीट वाचता येत होते म्हणूनच पुढचे सारे घडले. शिवाय वरील नामावळीकडे पुन्हा पहा. प्राध्यापक, लेखक, नटी, निर्माती. त्या काळी अनेक निवेदकांना नैमित्तिक तत्त्वावर, बातमीपत्रागणिक मानधन मिळे. त्यांच्यापैकी बहुतेकांचा पाय दुसऱ्या एखाद्या विद्येत किंवा कलेत घट्ट रोवलेला होता. निवेदन हे त्या झाडाचे फूल होते, मूळ नव्हते.

मग काळ पालटला. २००७ साली ‘झी २४ तास’ आणि ‘स्टार माझा’ (२०१२ पासून ‘एबीपी माझा’) या अहोरात्र चालणाऱ्या मराठी वृत्तवाहिन्या सुरू झाल्या. २००८ साली ‘आयबीएन लोकमत’ आली आणि पाठोपाठ आणखीही आल्या. संध्याकाळच्या एका बातमीपत्राच्या जागी दिवसाचे चोवीस तास भरावयाचे झाले. साहजिकच निवेदकांची संख्या वाढली. तो पूर्णवेळ पेशा झाला. आणि कामाचे स्वरूपही बदलले. पूर्वीचा निवेदक तयार मजकूर वाचून उठत असे. आजच्या निवेदकाला वाचता वाचता वार्ताहराशी बोलावे लागते, तज्ज्ञाला प्रश्न विचारावे लागतात, भांडणाऱ्या चार पाहुण्यांना आवरावे लागते, आणि हातात मजकूर नसताना वीस वीस मिनिटे घटनास्थळाच्या चित्रांवर बोलत राहावे लागते.

या सर्वांच्या मागे यंत्रणा कशी चालते हेही तरुणांनी समजून घ्यावे. जिल्ह्याजिल्ह्यांतून वार्ताहरांकडून बातमी येते ती वाहिनीच्या ‘इनपुट’ विभागाकडे. तेथे ती पडताळली जाते. ‘आउटपुट’ विभागातील उपसंपादक ती लिहितात, चित्रे जोडतात, आणि निर्माता बातम्यांचा क्रम लावतो. निवेदकासमोरच्या कॅमेऱ्यावर तिरकी काच असते. तिच्यावर खालून अक्षरे उमटतात आणि सरकत राहतात. त्यामुळे निवेदक आपल्याकडे पाहत बोलतो असे आपणांस वाटते. त्याच्या कानात एक लहानसे यंत्र असते. समोरची अक्षरे वाचीत असतानाच त्या यंत्रातून निर्मात्याचा आवाज येतो: ही बातमी थांबवा, अमक्याशी बोला, वीस सेकंद उरले आहेत. तोंडाने एक बोलावयाचे, कानाने दुसरे ऐकावयाचे आणि मुद्रेवर त्याचा मागमूस दिसू द्यावयाचा नाही, हे अवधान सरावानेच येते. काचेवरची अक्षरे मध्येच नाहीशी झाली, तर हातातील कागद आणि डोक्यातील माहिती एवढ्यावरच भिस्त असते. म्हणून जाणत्या संपादकांची पसंती, ज्याने आधी वार्ताहर म्हणून उन्हातान्हात चार वर्षे काढली आहेत किंवा लेखनकक्षात बसून बातम्या घडविल्या आहेत, अशाला असते. आज या वाटेचे टप्पे साधारणपणे असे आहेत: शिक्षण, मग वार्ताहर किंवा उपसंपादक, मग पहाटेची वा रात्रीची लहान बातमीपत्रे, आणि मग संध्याकाळची मुख्य वेळ.

आपल्या शेजारच्या हमरापुरात आणि पेणेत गणेशमूर्ती घडताना आपण सर्वांनी पाहिल्या आहेत. माती मळणे, साच्यात भरणे, वाळवणे, घासणे, रंगविणे हे सारे झाल्यावर अगदी शेवटी कुशल कारागीर डोळ्यांची आखणी करतो, आणि मूर्ती आपल्याकडे पाहू लागते. कच्च्या मातीवर आखणी करण्याचा वेडेपणा कोणी करीत नाही. वृत्तनिवेदनात पडद्यावरचा चेहरा ही आखणी होय. आजकाल अनेक ठिकाणी थोड्या आठवड्यांत निवेदक घडवून देण्याचे आश्वासन देऊन जबर शुल्क घेतले जाते. पालकांनी तेथे एकच प्रश्न विचारावा: येथे बातमी लिहावयास शिकवितात काय? उत्तर नकारार्थी आले, तर ती कच्च्या मातीवरची आखणी समजावी.

शिक्षणाच्या प्रशस्त वाटा आहेत. कोणत्याही शाखेची पदवी चालते. अर्थशास्त्र, राज्यशास्त्र, विधी यांचा पाया असल्यास उत्तम. पुण्याला रानडे इन्स्टिट्यूटमधील विद्यापीठाचा पत्रकारिता विभाग आहे, मुंबई विद्यापीठाचा विभाग आहे. दिल्लीची भारतीय जनसंचार संस्था १९६५ साली स्थापन झाली. तिचे एक केंद्र अमरावतीस आहे आणि तेथे मराठी पत्रकारितेचा अभ्यासक्रम चालविला आहे. आकाशवाणीच्या केंद्रांवर नैमित्तिक उद्घोषकांसाठी स्वरचाचण्या होतात. त्या शाळेइतकी चांगली शाळा दुसरी नाही, कारण तेथे चेहऱ्याचा आधार मिळत नाही. आणि जिल्ह्याच्या वृत्तपत्रांना गावोगावच्या बातम्या हव्याच असतात. महामार्गाचे काम कोठे अडले, खारभूमीचा बांध कोठे फुटला, मूर्तिकारांचा माल कोठे रखडला, हे नेमक्या शब्दांत लिहून पाठविणारा तरुण आपल्या विद्यालयीन वर्षांतच अर्धी वाट चालून जातो.

आता भाषेकडे वळतो. येथे आपल्या घरांतील एक दुखरी जागा आहे, आणि तिला स्पर्श केल्यावाचून हे व्याख्यान पुरे होणार नाही. या पट्ट्यातील बोलींत ‘ण’चा ‘न’ आणि ‘ळ’चा ‘ल’ पुष्कळदा होतो. आपला मुलगा शहरातील विद्यालयात ‘पानी’ म्हणतो, चार मुले हसतात, आणि तो घरी येऊन आईच्या बोलण्याची लाज बाळगू लागतो. काही घरांत तर पालकच मुलांशी बोली बोलणे सोडून देतात. वृत्तनिवेदक व्हावयाचे तर घरची भाषा टाकली पाहिजे, अशी समजूत त्यामागे असते. ही समजूत मला घातक वाटते.

प्रमाण भाषेचे उच्चार शिकणे अवश्य आहे, यात शंका नाही. राज्याच्या दोन टोकांच्या माणसांना सारखेच कळावे म्हणून ती एक सामायिक सोय आहे. परंतु ती शिकण्याची विद्या आहे, कुळाचा गुण नव्हे. शहरातील, ग्रंथ वाचणाऱ्या घरांतील मुलांनाही ती शिकावीच लागते. उदाहरण घ्या. मराठीत ‘च’ आणि ‘ज’ यांचे प्रत्येकी दोन उच्चार आहेत आणि लिपी त्यांतील भेद दाखवीत नाही. ‘चार’ माणसांतला ‘च’ वेगळा आणि गुरांच्या ‘चाऱ्या’तला वेगळा. थोडेसे या अर्थाची ‘जरा’ निराळी आणि म्हातारपण या अर्थाची ‘जरा’ निराळी. हे कोणी पुस्तकावरून शिकत नाही, कानाने शिकतो. आकड्यांचे तसेच. एकोणसाठ, एकोणसत्तर, एकोणऐंशी, एकोणनव्वद ही नावे क्षणार्धात अचूक यावयाची तर लहानपणी पाढे मोठ्याने म्हटलेले असावे लागतात. आणि गावांची नावे? बाहेरचा निवेदक ‘पेण’चे ‘पेन’ करतो आणि ‘जिते’ हे नाव हिंदी क्रियापदासारखे लांबवून वाचतो. येथे आपल्या मुलाचे पारडे जड आहे. ज्याच्या कानात दोन भाषा नांदतात तो अधिक सावध ऐकतो.

या संदर्भात एक योगायोग सांगण्याजोगा आहे. शॉच्या ‘पिग्मेलियन’ या नाटकावरून पु. ल. देशपांडे यांनी ‘ती फुलराणी’ हे नाटक लिहिले आणि १९७५ साली ते रंगभूमीवर आले. रस्त्यावर फुले विकणाऱ्या मंजुळेला एक भाषापंडित शुद्ध बोलावयास शिकवितो, असा त्याचा विषय. मंजुळेची भूमिका गाजविली ती भक्ती बर्वे यांनी. म्हणजे ज्या बाईंनी दूरदर्शनवर प्रमाण मराठीत बातम्या वाचल्या, त्यांनीच मंजुळेची अस्सल बोली अशी उभी केली की प्रेक्षक थक्क झाले. दोन्ही भाषा एकाच कंठात सन्मानाने राहू शकतात, याचे याहून चांगले प्रमाण मला ठाऊक नाही. २००१ साली आपल्याच जिल्ह्यातून जाणाऱ्या मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर अपघात होऊन त्या गेल्या. तेव्हा माझी विनंती अशी की, मुलांना प्रमाण मराठी अवश्य शिकवा, पण घरची बोली हिरावून घेऊन नव्हे. पूर आलेल्या गावातील म्हातारीशी बोलण्याचा प्रसंग येईल तेव्हा तीच बोली त्याच्या कामी येणार आहे.

उच्चार झाले, आकडे झाले. परंतु या व्यवसायाचा कस लागतो तो निराळ्याच ठिकाणी. २२ नोव्हेंबर १९६३ रोजी केनेडी यांच्यावर गोळीबार झाल्याचे वृत्त आले, तेव्हा क्रॉन्काइट प्रक्षेपणात होते. अध्यक्ष दगावल्याचे बोल कानावर येत होते, पण अधिकृत दुजोरा हाती पडेपर्यंत त्यांनी मृत्यू ही घडलेली गोष्ट म्हणून सांगितली नाही. ३१ ऑक्टोबर १९८४ रोजी इंदिरा गांधी यांच्यावर सकाळी गोळ्या झाडल्या गेल्या. दूरदर्शनवरून सलमा सुलतान यांनी हत्येची वार्ता दिली ती संध्याकाळी. तोवर विदेशी नभोवाणीवरून ती देशभर पसरली होती. निवेदिकेच्या संयमाचे कौतुक झाले आणि ते योग्यच होते. पण सरकारी यंत्रणेच्या विलंबाने लोकांचा विश्वास कमी झाला, हेही तितकेच खरे. नोव्हेंबर २००८ मध्ये मुंबईवर हल्ला झाला तेव्हा उलटा दोष घडला. जे क्षणोक्षणी दाखविले गेले त्यावरून सीमेपलीकडच्या सूत्रधारांना आपल्या सुरक्षादलांच्या हालचाली कळत राहिल्या, आणि ऑगस्ट २०१२ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने वाहिन्यांच्या या थेट प्रक्षेपणावर कठोर ताशेरे ओढले. उशीर हा एक दोष, उतावीळ हा दुसरा. या दोहोंमधील अरुंद बांधावरून चालणे हे निवेदकाचे खरे काम.

आपल्या जिल्ह्याला हे दूरवरचे उदाहरण वाटू नये. १९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यात इरशाळवाडीवर दरड कोसळली. वाडीपर्यंत गाडीरस्ता नव्हता. मदतकार्य करणारे पायी डोंगर चढून गेले. चार दिवसांनी शोध थांबविला तेव्हा २७ मृतदेह हाती लागले होते आणि ५७ माणसे बेपत्ता होती. मृत आणि बेपत्ता हे दोन शब्द आहेत. बाहेरगावी कामाला असलेला आणि घरची माणसे वाडीत असलेला मनुष्य दूरचित्रवाणीसमोर बसून यांतील कोणता शब्द उच्चारला जातो याकडे जीव कानात आणून ऐकत असतो. घाईने एका शब्दाच्या जागी दुसरा वापरणाऱ्या निवेदकाचा चेहरा कितीही देखणा असला, आवाज कितीही भारदस्त असला, तरी तो त्या खुर्चीला पात्र नाही.

पालकांच्या मनात आणखी एक शंका असेल: या धंद्यात स्थैर्य आहे काय? मी गोड बोलणार नाही. नेमणुका बहुधा कराराच्या असतात. पहाटेची आणि रात्रीची पाळी असते. येथून दिवा-रोहा गाडीच्या वेळापत्रकावर विसंबून मुंबईची रात्रपाळी करता येत नाही. शहरात बिऱ्हाड करावे लागते. वाहिन्यांचे मालक बदलतात, धोरणे बदलतात, आणि प्रेक्षक वयाला क्षमा करीत नाहीत, विशेषतः स्त्रियांच्या. मुलींच्या बाबतीत घरातून विरोध होतो तो या रात्रपाळीमुळे. परंतु मराठी वृत्तनिवेदनाची परंपरा पहिल्या दिवसापासून स्त्रियांनी घडविली आहे, हे त्यांची नावे ऐकल्यावर तरी मान्य व्हावे. मुलीच्या राहण्याची सुरक्षित सोय कशी करावी, हा पालकांपुढील खरा प्रश्न आहे. तिने जावे की न जावे, हा नव्हे. त्या बाबतीत संघाच्या शहरवासी कुटुंबांनी हात पुढे करावा.

आणि आता एक नवेच आव्हान उभे आहे. २६ मे २०२४ रोजी दूरदर्शनच्या ‘डीडी किसान’ वाहिनीने ‘क्रिश’ आणि ‘भूमी’ नावाचे दोन निवेदक पडद्यावर आणले. ती माणसे नाहीत; संगणकाने घडविलेल्या आकृती आहेत. त्या थकत नाहीत, रजा मागत नाहीत, आणि पन्नास भाषांत बोलू शकतात असे जाहीर करण्यात आले. निवेदकाचे काम म्हणजे नीटनेटका चेहरा, गोड आवाज आणि दिलेला मजकूर न अडखळता वाचणे एवढेच असेल, तर ते काम यंत्राने घेतलेच म्हणून समजा. परंतु दरडीखाली आप्त गाडले गेलेल्या माणसाला कोणता प्रश्न विचारू नये हे उमगणे, मंत्र्याने दिलेले गोलमाल उत्तर ओळखून तोच प्रश्न नम्रतेने पुन्हा विचारणे, आणि समोरच्या अक्षरांत चूक आहे असे दिसताच ती न वाचण्याचे धैर्य दाखविणे, यांसाठी मनुष्यच लागतो, आणि तोही जाणता. म्हणून जुन्या नामावळीतील धडा आज अधिकच खरा ठरतो. जो केवळ चेहरा आहे त्याचे दिवस थोडे. ज्याला विषय येतो, लिहिता येते, ज्याचा शब्द लोक मानतात, त्याला पडदा सुटला तरी वृत्तपत्र आहे, अध्यापन आहे, अनुवाद आहे. त्याची उपजीविका एका खुर्चीला बांधलेली नसते.

शेवटी संघाविषयी दोन शब्द. आपल्यापैकी एखादा मुलगा वा मुलगी त्या खुर्चीवर बसावी, आणि आपण सर्वांनी अभिमानाने म्हणावे की हा आमचा, अशी इच्छा आपणां सर्वांच्या मनात आहे. ती निर्दोष आहे. तथापि एक गोष्ट आधीच ध्यानात घ्यावी. ज्या घटकेला तो त्या खुर्चीवर बसेल, त्या घटकेपुरता तो आपला राहणार नाही, आणि राहू नये. त्याने आपल्या मेळाव्याची बातमी मोठी करावी, आपल्यातील कोणाचा दोष झाकावा, किंवा दुसऱ्या ज्ञातीच्या माणसाचे दुःख अर्ध्या आवाजात वाचावे, अशी अपेक्षा आपण ठेवू लागलो, तर ज्या विश्वासावर त्याचे सारे उभे आहे तोच आपण खणून काढू. तराजू धरणाऱ्या हाताला घरच्यांनी हिसका देऊ नये. त्याने आपल्याविरुद्धची खरी बातमी जर निर्विकारपणे वाचली, तर त्या दिवशी आपला अभिमान दुणावला पाहिजे. ही तयारी ज्या समाजाची असेल, त्याच्याच घरात निष्पक्ष वृत्तनिवेदक जन्माला येईल.

तोवर आपणांस करण्यासारखे काम हाताशी आहे. गावात वाचनालय असेल तर आठवड्यातून एक दिवस मुलांकडून वृत्तपत्र मोठ्याने वाचून घ्यावे. वडीलधाऱ्यांनी समोर बसून ऐकावे, आणि मुलाला विचारावे, आता हेच कागद न पाहता सांग. जे त्याला कळले असेल तेच तो सांगू शकेल. शिष्यवृत्ती देताना वैद्यक आणि स्थापत्य यांच्या जोडीला पत्रकारितेच्या विद्यार्थ्याचाही विचार व्हावा. त्याला घरच्या बोलीवरून हसणाऱ्याला तेथल्या तेथे थांबवावे. एवढे झाले तर पुढची वाट मुले आपली आपण काढतील.